जाखडीतला चुकलेला पाय

शाळेत असताना मिरजोळ्यात गणपतीला मी जाखडी नाचणाऱ्यांची चित्रं काढायचे. माझा मामा सगळ्यांत देखणा नाचायचा, म्हणून त्याला म्हटलं, नाचतोस तसा जरा उभा राहा. तर हा शर्टाची बटणं लावून पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ. वैतागून मी आठवणीनेच आठ जणांचं रिंगण काढलं. चित्र बरं आहे, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. एकाचा पाय उलटा पडलेला दिसला आणि ठेका कोणी चुकवला यावरून आठही जण भांडत बसले.

परवा मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तब्येत विचारायला फोन केला, तर म्हणतो, "तो पाय पुसलास काय गो?"

पुसायचा कशाला? तो त्याचाच आहे, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.