अंगण तुमचं, कागद माझा

महाडला दर रविवारी एका शाळेत चित्रकलेचा मोफत वर्ग भरायचा. लहानथोर कुणीही यावं. मी मागे बसून कोपराने कागद झाकायचे. शेजारी पोलादपूरकडच्या एक विधवा मावशी असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या फक्त रांगोळ्या काढायच्या, लाल खडू मोडेपर्यंत दाबून.

"झाकतेस कशाला गो? चोरी केलीस काय?" त्या मला म्हणायच्या.

एकदा त्यांचा दीर दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, घरी चला. कपाळाला कुंकू नाय नि रांगोळ्या कसल्या काढता? लोकं हसतात."

मावशींचा हात थांबला नाही. "अंगणात तुम्ही काढू देत नाय. अंगण तुमचं, भावोजी. ह्यो कागद माझा हाय."

रांगोळी पुरी झाल्यावर त्यांनी सरांकडून खळ मागून घेतली. दिराच्या अंगावरून त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी बाजाराकडच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा कागद चिकटवला.

"तुझा पण आण गो," त्यांनी बाहेरून हाक मारली.

दीर अजून दार अडवून होता. वर्गात मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. कागद घेऊन मी उठले.

"जरा सरका," मी त्याला म्हणाले.