तावड्याच्या कॉम्प्युटरवरचा पहारा

भजन मंडळात माणसं गाण्यापेक्षा बोलतात जास्त. किस्से साठणारच. आमच्या घाटकोपरच्या मंडळाचे निम्मे किस्से तावड्याच्या कॉम्प्युटरचे आहेत. तावडे आमचा पखवाजवाला. मंडळाच्या सगळ्या रेकॉर्डिंग त्याच्या घरी. आमचे बुवा गेले, आवाज तेवढा तिथे राहिला.

लॉकडाऊनमध्ये मंडळींना घरून ऐकता यावं म्हणून दुरुस्तीवाल्याने त्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरायची सोय केली. लॉकडाऊन संपला. सोय तशीच राहिली.

*

एकदा प्रिंटर आपोआप सुरू झाला. पानामागून पान, सगळी परक्या लिपीत! तावडेवहिनींनी घाबरून त्यावर परात उपडी घातली. प्रिंटर थांबेना. शेवटी वायर ओढली.

त्या कागदांवर आम्ही बरेच दिवस वडे खाल्ले. कागद चांगला होता.

*

मग बाण. संध्याकाळी स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायचा. माऊसला कोणाचा हात नाही!

तावडे घाबरला नाही. एका बोटाने टाइप केलं, "कोण? चहा घेणार?"

बाण थबकला. मग हळूच गेला.

"लाजला," तावडे म्हणाला.

*

तावड्याची सून रूपा बोरिवलीला राहते. कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते. ती आली, तिने बघितलं, डोक्याला हात लावला.

"बाबा, सगळे पोर्ट उघडे! बाहेरून आत यायची दारं आहेत ही. कोणीही येईल नि सगळं पुसून जाईल."

"अगं, चाळीत वाढलो आम्ही. दिवसा दार लावलं तर शेजारी विचारायचे, घरात भांडण झालं काय?"

"ते शेजारी होते, बाबा. इथे अख्खं जग आहे. बुवांचा आवाज एका मिनिटात जाईल."

तावड्याने कॉम्प्युटरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बुवा एकदा गेले तेवढं पुरे. लाव दारं."

*

दुसऱ्याच दिवशी मानखुर्दहून बुवांच्या बायकोचा, काकूंचा फोन.

"तावड्या, ह्यांचा आवाज का रे बंद केलास?"

टॅबवरून रोज त्याच येत होत्या. बाण त्यांचाच!

"काकू, मग चहाचं विचारलं तर बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ह्यांना विचारतोयस."

रूपाने सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून पाठवलं. काकूंनी तो देवघरात ठेवला. हळदकुंकू वाहिलं. "ऐकायला तुझ्याकडचंच बरं," तावड्याला म्हणाल्या.

*

रूपाने एकच दार ठेवलं. पासवर्ड लावून, आणि ऐकण्याच्या वेळेपुरतं. मी म्हटलं, दार उघडं तर दारात माणूस हवा. गावच्या सप्ताहात भजन अखंड चालावं म्हणून पाळीपाळीने पहारे असतात, तसे लावले. रोज एकाने कॉम्प्युटरसमोर बसायचं. बाण भलतीकडे वळला की वायर ओढायची. रूपा हसली. हसू दे. सप्ताहाचा पहारा आम्ही कधी मोडला नाही. हाही मोडलेला नाही.

*

गेल्या गुरुवारी पहारा तावड्याचा. मी सोबतीला. काकूंचा बाण आला. बुवांचा अभंग सुरू झाला. मध्येच रेकॉर्डिंगमधला पखवाज पळायला लागला. तेव्हा बुवा गाणं थांबवून ओरडले होते, तेही रेकॉर्ड झालंय.

"तावड्या, हळू! घर जळता काय रे तुझा?"

अभंग पुढे गेला. बाणाने रेकॉर्डिंग मागे ओढलं.

"तावड्या, हळू! घर जळता काय रे तुझा?"

बाण पुन्हा मागे.

तिसऱ्या वेळेला तावडे खुर्चीतून उठून उभा राहिला.

"नाय, बुवा."