ऑल्टर केलेला कोट

इंग्रजीतलं एकच क्रियापद मला मुळापासून माहीत आहे. ऑल्टर. बाकीची शिकायला मी शाळेत टिकलोच नाही. पण या एकाचे अर्थ मी जन्मभर गोळा केले, एखादा माणूस कोर्टात जाण्यासाठी पुरावे गोळा करतो तसे. ज्याच्याविरुद्ध गोळा केले तो आमच्या इंग्रजी शाळेचा हेडमास्तर होता. पुण्याकडचा माणूस, गोरापान, बोलणं चाकूने कापल्यासारखं स्वच्छ. त्याच्याविषयी मी इथे लिहितो आहे ते त्याला माफ करून लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

वडील गेल्यावर माय मला घेऊन धामणगाव बढ्याहून तालुक्याच्या गावी आली. बाजारात एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं, त्याला सगळे चाचा म्हणत. चाचाने मायला काज-बटणाचं काम दिलं आणि दुकानामागची खोली राहायला दिली. चाचा नसता तर आम्ही कुठे असतो, हा विचार मला आजही नको वाटतो. मी मुळातच धास्तीचा माणूस. पोरपणी मला रोज वाटायचं की आज चाचा म्हणेल, बाई, आता दुसरीकडे पाहा. तो कधीच म्हणाला नाही.

मराठी चौथी पास झालो तेव्हा मायने मला इंग्रजी शाळेत घातलं. फी भरायची ऐपत नव्हती, म्हणून नादारी मिळाली. नादारी म्हणजे गरिबाच्या पोराला फी माफ. ती होती तोवर शाळा होती. मायची दुसरी काही मागणीच नव्हती देवाकडे. पोराची नादारी टिकू दे.

त्या वर्षी हेडमास्तराने वर्गात सांगितलं, तपासणीला साहेब येणार आहेत, प्रत्येकाने कोट-टोपीत यायचं, ज्यांच्या अंगावर धड कपडा नसेल त्यांनी येऊच नये. माय विचारात पडली. न जावं तर नादारी जाईल, जावं तर कोट कुठून आणायचा? दुकानात एका वकिलाचा जुना कोट पडला होता. वकिलाने तो उलटवायला आणला होता, पण अस्तराला कसर लागलेली पाहून तो चाचाला म्हणाला, "असू दे, बाईच्या पोराले कामी येईल."

कोट उलटवणं म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं. उन्हाने विटलेला लोकरीचा कोट पूर्ण उसवायचा, एकेक तुकडा पालथा करायचा आणि पुन्हा शिवायचा. आतली न विटलेली बाजू बाहेर येते. कोट नव्यासारखा दिसतो. पण एक गोष्ट लपत नाही. छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो. आमच्याकडे जाणता माणूस कुणाचा कोट पाहिला की आधी खिशाकडे पाहायचा आणि गालात हसायचा.

चाचाला तेच नको होतं. "पोरं चिडवतीन याले," तो म्हणाला. त्याने उजवीकडे गेलेल्या खिशाची चीर असल्या बारीक रफूने बुजवली की बोट फिरवून कळेना. डावीकडे नवा खिसा पाडला. मोठ्या माणसाचा कोट माझ्या मापाला आणताना उलट्या बाजूला गेलेली जुनी काजाची पट्टीच छाटून टाकली. माय म्हणाली, "भाऊ, इतकं काऊन करता? पोरगंच तर आहे."

"पोरगं आहे म्हणूनच," चाचा म्हणाला.

हीच चूक झाली. खिसा उजवीकडे राहू द्यायला हवा होता.

तपासणीचा साहेब वर्गात आला, म्हणाला, नादारीवाले उभे राहा. आम्ही चौघं-पाचजण उभे राहिलो. साहेबाने माझ्या कोटाकडे पाहिलं, मग हेडमास्तराकडे पाहून इंग्रजीत काहीतरी बोलला आणि हसला. हेडमास्तराचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी माझं नाव नादारीतून काढलं.

माय, चाचा आणि मी, तिघंही शाळेत गेलो. मायने डोक्यावरचा पदर दातात धरला होता. चाचा अदबीने म्हणाला, "साहेब, कोट जुना आहे. वकीलसाहेबांचा. म्या उलटवून आल्टर करून देला."

हेडमास्तर खुर्चीतून उठलाही नाही. "ऑल्टर म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मंजे लहान-मोठा करनं, साहेब."

"बदलणे. शब्दाचं मूळ पाहा. मूळ अर्थच 'दुसरा' असा आहे. जी वस्तू ऑल्टर झाली ती पहिली राहत नाही, दुसरी होते. कापड जुनं असेल. कोट नवा आहे. आणि ज्याच्या अंगावर नवा लोकरी कोट आहे, त्याला सरकारने फी का माफ करावी?"

"साहेब, आत्ता उसवून दाखवतो. आतून पाहा, कसा विटला आहे ते."

"इथे दुकान मांडू नका."

मायने एकदाच तोंड उघडलं. "कोट तोच आहे हो, साहेब." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. घंटा वाजली आणि तो तासाला गेला.

माझी शाळा संपली ती तिथे. शाळेतल्या पोरांनी मला आल्टर म्हणायला सुरुवात केली होती, कुणीतरी दारातून ऐकलं असणार. "ए आल्टर, कुठं चालला बे?" मी चाचाच्या दुकानात पाटावर बसलो आणि उसवायला शिकलो. चाचा आधी वर्षभर उसवायलाच शिकवायचा. ज्याला उसवता येत नाही त्याला शिवता येत नाही, म्हणायचा. मी एकेक टाका काढताना त्या माणसाची एकेक गोष्ट मनात उसवत असे. त्याची खुर्ची, त्याचे लाल कान, त्याचा तो 'दुसरा'. मला शाळा परत नको होती. ती गेली ती गेली. मला एवढंच हवं होतं की त्याने आपल्या तोंडाने, माझ्या मायसमोर, चार लोकांत म्हणावं की कोट तोच होता.

त्याला काही वर्षं लागली. मला मिसरूड फुटलं होतं. हेडमास्तराला मोठा ताप येऊन गेला आणि तो खंगला. शाळेचा चपराशी त्याचा काळा कोट घेऊन आला. म्हणाला, अकोल्याला मोठी सभा आहे, बाजू आत घ्या, बाह्या आखूड करा. चाचाने कोट माझ्या हातात दिला. मला वाटतं त्याने मुद्दामच दिला, पण तो तसं कधी बोलला नाही. लोकांना वाटेल मी शिवण कच्ची ठेवली. नाही. तसला सूड मला सुचला होता, खोटं कशाला बोलू, पण शिवण उसवली असती तर नाव चाचाचं गेलं असतं. मी तो कोट असा केला की त्याच्या बायकोनेही खोड काढू नये.

बाजाराचा दिवस होता. दुकानात मोताळ्याकडचे दोन कास्तकार अंगरख्याचं माप द्यायला बसले होते, एक सरकीचा व्यापारी पान खात उभा होता, माय कोपऱ्यात काज करत होती. हेडमास्तर स्वतः आला. टांगा दारात उभा, गाडीची वेळ झालेली.

"कोट," तो म्हणाला. त्याने मला ओळखलं नव्हतं.

कोट माझ्या मागे खुंटीला होता. मी तो काढला नाही. "तो कोट नाही आता, साहेब."

"नाही म्हणजे? हा काय मागे!"

"हा दुसरा आहे. तुमचा आम्ही ऑल्टर केला. ऑल्टर केला का पहिला राहत नाही."

व्यापारी पिंक टाकायला वाकला होता तो तसाच थांबला. चाचाची कैची थांबली.

"काय बडबडतोस? दे इकडे."

"कोनाचा आहे म्हनता?"

"माझा!"

"नवा आहे, साहेब. तुमचा जुना होता."

"अरे मूर्खा," तो ओरडला, "दोन बाजू आत घेतल्या म्हणून कोट दुसरा होतो का? तोच कोट आहे माझा!"

"जरा जोरानं म्हना, साहेब. माह्या मायले कमी ऐकू येते."

तेव्हा त्याने पाहिलं. मला, मग कोपऱ्यात मायला. मायच्या हातात सुई तशीच होती. तिला कमी वगैरे काही ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, "ऐकलं बापा म्या. तोच आहे म्हनते." मग अगदी साधेपणाने, जसं कुणाला दुधाचा भाव विचारावा तसं, तिने विचारलं, "मंग पोराची नादारी काऊन काढली होती, साहेब?"

कास्तकारांपैकी एकजण हसला. हेडमास्तराने खुंटीवरून कोट ओढला, बाह्या घालता घालता टांग्यात बसला. बसताना कोट कुठेच ताणला नाही. माझ्या कामात खोट नव्हती.

दिवसभर मी हवेत होतो. संध्याकाळी धास्ती उतरून आली. आणि ती खरी ठरली. शाळेच्या पोरांचे सदरे-विजारी दरवर्षी चाचाकडे शिवायला यायच्या. त्या वर्षी हेडमास्तराने पोरांना दुसऱ्या दुकानी पाठवलं. चाचा एकदा मशीनला तेल घालताना म्हणाला, "बेटा, तू माह्या दुकानात नसला तं त्याचा राग उतरेल." त्याचा साडू कलकत्त्यात शिंपी होता. चाचाने आपली चांगली कैची मला दिली आणि गाडीत बसवून दिलं. मायला त्याने शेवटपर्यंत सांभाळलं. याची फेड माझ्याने व्हायची नाही.

कलकत्त्यात मराठी बोलायला कुणी नव्हतं. आमच्याकडे एक म्हातारी ख्रिस्ती मड्डम यायची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आपले जुने झगे बारीक करून घ्यायची. एकदा धीर करून मी तिला हिंदीत विचारलं, ऑल्टर हा शब्द कुठून आला? ती आनंदली. तिला असं कुणी विचारत नसावं. म्हणाली, लॅटिन भाषेत 'आल्तर' म्हणजे दोघांतला दुसरा. आपल्या 'इतर'मधला 'तर' आणि त्यातला 'तर' एकाच घराण्यातले. फ्रेंच लोकांनी त्यातून बदलणं घेतलं, बिघडवणंही घेतलं, आणि तहान लागणंही. आणि दोघं एकमेकांशी हुज्जत घालतात त्याला इंग्रजीत 'ऑल्टरकेशन' म्हणतात, तोही शब्द याच मुळाचा.

मी सुई खाली ठेवली. म्हणजे मुळात 'दुसरा'च? तो माणूस बरोबर होता? इतकी वर्षं मी चुकीच्या बाजूने भांडलो?

"मग ऑल्टर केलेला झगा दुसरा झगा होतो का, मेमसाब?"

ती हसली. "मूळ एक असतं, वापर दुसरा. माझा झगा तू बारीक केलास, तरी तो माझाच झगा. म्हणूनच तर ऑल्टर म्हणतात. सगळाच नवा झाला असता तर वेगळा शब्द वापरला असता." मी तिच्याकडून त्या झग्याची शिलाई घेतली नाही. तिला कारण कळलं नाही.

तिसरा अर्थ मला लढाईच्या दिवसांत कळला. एक अमेरिकन सोल्जर विजार आखूड करायला आला, सोबत कुत्रा. कुत्रा गरीब गायीसारखा बसलेला. मी म्हटलं, शांत आहे. तो म्हणाला, याला ऑल्टर केलंय. मला कळेना, कुत्र्याला कुठून शिवलं? त्याने बोटांची कैची करून दाखवली. खच्ची केलं होतं त्याला. आमच्याकडे गोऱ्हा बडवतात, तसं. तिकडे चारचौघांत बोलायला हा सभ्य शब्द आहे म्हणे. विजारीचं माप घेताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्या कुत्र्याकडे जात होती. सगळ्या अर्थांत मला हाच माझा वाटला.

लढाई संपल्यावर घरी गेलो. अजून आमच्या वऱ्हाडावर नागपूरच्या सरकारचंच राज्य होतं. बाजारात हेडमास्तर समोर आला. पिशवीत मेथीची जुडी, कोट नव्हता अंगावर, नुसता सदरा. या वेळी त्याने मला ओळखलं.

"कलकत्त्याला असतोस ना? स्वतःचं दुकान आहे, ऐकलं. छान झालं." तो खरंच खूश होता, हे मला जास्त लागलं. "शाळेत राहिला असतास तर काय, कुठेतरी कारकून झाला असतास. एका परीने माझे उपकारच मान."

"साहेब," मी म्हटलं, "बडवलेला बैल गाडीले मोठा चांगला चालते. पन त्यानं बडवनाऱ्याचे उपकार मानले, असं म्या तं पाह्यलं नाही."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून म्हणाला, "तुझी भाषा मात्र काही सुधारली नाही."

"कशी सुधरीन? शाळेतून तुमीच काढलं होतं."

तो गेला. त्याला रामराम केला नाही. मायला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलू नये. मग पीठ बाजूला सारून तिने विचारलं, "अन् मंग तो काय म्हनला?" मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, आणि ती तवा तापत ठेवून ऐकत बसली.