आत्या आणि अंगातलं लोखंड

माणसाच्या अंगात रक्त किती आहे हे नुसतं बघून सांगणारी बाई अख्ख्या नवी मुंबईत एकच होती, आणि ती माझी सख्खी आत्या होती. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त. आत्या आमच्याकडेच राहायची आणि कोपरखैरण्याच्या बाजूच्या गावांतून सरकारी नर्स म्हणून पायी हिंडायची. भेटलेल्या माणसाला नमस्कार करण्याआधी त्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, ही तिची सवय. सोसायटीतल्या एका लग्नात आहेर द्यायला ती स्टेजवर चढली आणि फोटोग्राफर 'स्माईल' म्हणत असताना तिने नवरीचीच पापणी खाली ओढली. तो फोटो त्यांच्या अल्बमात अजून आहे. नवरीची सासू महिनाभर आमच्याशी बोलत नव्हती. "फिकट आहे हो पोरगी, तुमच्याच घरात नांदायचीय," एवढंच आत्याचं म्हणणं.

बाकीच्या मुलींना त्यांच्या आत्या राजाराणीच्या गोष्टी सांगत असतील. मला लोखंडाची गोष्ट ऐकावी लागायची. जठर संपल्यावर जे आतडं लागतं, तिथे म्हणे एक खमका दारवान बसलेला असतो. अंगात साठा भरलेला असेल तर तो लोखंडाला परस्पर वाटेला लावतो, कमी असेल तर जास्त आत घेतो. कारण आत शिरलेलं लोखंड बाहेर काढायची सोयच शरीराकडे नाही. रक्त गेलं तरच ते जातं. आत आलेल्याला एकटं फिरू देत नाहीत. रक्तातलं एक प्रथिन त्याला धरून हाडांतल्या मज्जेत पोचवतं, तिथे नवं रक्त तयार होतं, आणि उरलेलं लोखंड यकृतात साठवलं जातं. "आणि रक्त जुनं होऊन मोडलं तरी त्यातलं लोखंड फेकत नाहीत बरं! जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी तसं पुन्हा वापरतात." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा, जणू ही सगळी व्यवस्था तिनेच लावून दिली होती.

तिच्या गावांपैकी बोनकोड्याच्या एका घरात मात्र ही व्यवस्था चालेना. सून सातव्या महिन्यात आणि चेहरा पांढराफटक. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं. अशा अंगाने बाळंतपण निभावणं कठीण, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. गोळ्या खाडीत टाकता का, असं तिने सासूला तोंडावर विचारलं. सासूही काही कमी नव्हती.

"देवाशप्पत बाय, एक दिस नाय चुकला! गोलीनं तोंड खराब होतं पोरीचं, म्हनून मीच माज्या हातानं कडक चायसंगं देते."

आत्याने कपाळावर हात मारला. चहाच्या तुरटपणाने लोखंड आतड्यातच बांधलं जातं, आत येतच नाही. सासूची मायाच आड येत होती. दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज सकाळी तासभर चालत तिथे जाऊन बसू लागली. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत, कारण आंबटाबरोबर लोखंड चटकन आत शिरतं, जेवणात जवळ्याची बारीक सुकट, आणि चहा गोळीपासून आणि जेवणापासून दोन तास लांब. सुनेला तोंड बांधायला लावून आपण कसा प्यायचा, म्हणून सासूनेही त्या वेळचा चहा सोडला आणि त्याचा सगळा राग आत्यावर काढला.

बाळंतपणात सुनेचं बरंच रक्त गेलं. पण ती तगली, मुलगी झाली. दुपारी आत्या घरी आली ती गॅलरीत बसूनच राहिली. मला अभिमानाने भरून आलं होतं. मी म्हटलं, "आत्या, तू वाचवलंस तिला."

ती म्हणाली, "आमची आई अशीच पांढरी पडत गेली होती गं. गावात सगळे म्हणायचे, दिवस गेल्यापासून गोरी झाली. मी सात वर्षांची. मलाही आवडायची ती तशी. तुझा बाप झाला आणि त्याच दिवशी ती गेली."

आतून बाबांनी तिला जेवायला हाक मारली. "आले रे बाळा," म्हणत ती उठली. पंचेचाळिशीच्या माझ्या बाबांना ती कायम बाळाच म्हणायची, आणि ते का, हे तोवर मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.