विझवलेला चुना

मामीचा फोन आला तेव्हा माझी बोटं इतकी गार पडली होती की फोन ती ओळखेचना. वेरावळला मासळी गोठवण्याच्या कारखान्यात आम्ही बायका दिवसभर बर्फातली कोळंबी सोलतो. बाहेर येऊन फोन हातात घेतला, पडद्यावर ‘मामी’ दिसत होतं आणि मी बोट घासत होते, घासत होते… काचेला काही कळतच नव्हतं. शेवटी बोट तोंडात धरून गरम केलं, तोवर तो वाजायचा थांबला होता. कामाच्या वेळी मामी कधी फोन करत नाही. जे कळायचं ते मला तेव्हाच कळलं. तरी परत फोन लावायला मी उगाच उशीर केला. लावत नाही तोवर मामा आहेत, असं काहीतरी वाटत होतं.

पांढरकवड्याला मामांचं चुन्याचं आणि रंगाचं लहानसं दुकान होतं. आई गेली तेव्हा मी नववीत होते. शाळा तिथंच सुटली आणि मी मामा-मामीकडे आले. लग्न होऊन इकडे समुद्राकाठी येईपर्यंत त्यांच्याच घरात वाढले, त्यांच्याच दुकानात बसले. मामा तरुणपणी यवतमाळला कॉलेजात विज्ञान शिकायला गेले होते, ते अर्ध्यावर सोडून परत आले. का, ते कधी बोलले नाहीत. पण तिथून एक विषय त्यांनी सोबत आणला होता, तो म्हणजे उष्णता. ती येते कुठून, जाते कुठं, तिच्याकडून काम कसं करून घेता येतं. गिऱ्हाईक नसलं की हेच बोलणं. माझी शाळा सुटली असं लोक म्हणत, पण खरं सांगायचं तर ती दुकानाच्या मागच्या अंगणात पुन्हा भरायची.

मुकुटबनच्या बाजूच्या एका भट्टीवरून कळीचा चुना यायचा. भाजलेले पांढरे दगड, हाताला अगदी थंड. मामा ते लोखंडी ड्रममध्ये टाकत, वर पाणी ओतत आणि मला मागे ढकलून म्हणत, “डोळे सांभाळ, पोरी.” थोडा वेळ काहीच होत नसे. मग आतून कोणीतरी दात आवळून श्वास घ्यावा तसा आवाज यायचा. दगड तडकायचे, फुगायचे, पाणी उकळायला लागायचं. खाली जाळ नाही, काही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून ओसरीवर पळाले होते.

“मामा, चुना विझवाचा म्हणता, अन् हा तं पेटून राह्यला.”

“पेटत नाही व. भट्टीत आग खाल्ली, त्यातली काही पोटात धरून बसला होता. पाणी भेटलं, सोडून देल्ली.”

“अन् बाकीची?”

“ते गेली हवेत. कुठंतरी आहे, पण आता कोणी गोळा करू शकत नाही. आहे, पण कामाची नाही.”

आतून मामीचा आवाज आला, “तुह्या मामासारखी. आहेत, पण कामाचे नाहीत.”

मामा हसले आणि ड्रमवर पत्र्याचं झाकण टाकलं. ते वाफेनं खडखडलं, कडेनं थोडं वर उचललं गेलं, परत बसलं. “हे पाह्य,” मामा म्हणाले, “हे काम.” उष्णतेनं एखादी वस्तू जागची हलवली की ते काम. माझ्या डोक्यात ते कायमचं राहिलं, कारण त्यानंतर मामीनं हाक मारली की मामा बसल्या जागी नुसते उचलल्यासारखे होत, परत टेकत आणि म्हणत, “झालं काम.”

रेल्वेनं नागपूर आणि तिथून बसनं मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मामीनं मला जवळ घेतलं नाही, नुसतं पाहिलं. यवतमाळची मावशी, म्हणजे मामांची धाकटी बहीण, आलेली होती. मावशी मनानं चांगली आहे, पण तिला सगळं लगेच मार्गी लावायचं असतं. घराला कुलूप लावून मामीला यवतमाळला न्यायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मामीला जायचं नव्हतं. आणि एकटं राहायची तिला भीतीही वाटत होती. मामा ज्या आतल्या खोलीत गेले तिथं ती एकटी पाय ठेवत नव्हती.

“पाऊल पाहू,” मावशी म्हणाली. “चांगलं निघालं तं राहा, वहिनी. नाई तं माह्यासंगं चाल.”

आमच्याकडे, माणूस जिथं गेलं तिथली जमीन सारवून तिथं पीठ पसरतात, बाजूला दिवा ठेवून वर टोपली पालथी घालतात. पुरुषमाणसं राख सावडून परत आली की टोपली उचलून पाहतात, पिठावर कसलं पाऊल उमटलं; त्यावरून जीव कुठं गेला ते कळतं म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं ते सगळं एकटीनं केलं. माणसं राख सावडायला गेली. आम्ही तिघी ओसरीवर बसलो. लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून ट्रक जात होते…

आणि आतून तो आवाज आला. दात आवळून घेतलेला श्वास.

मामीनं माझं मनगट धरलं. “शेवटी श्वास असाच घेत होते,” ती म्हणाली, “असाच.”

मावशीनं काहीतरी पुटपुटत पदरानं बोटं पुसली, परत पुसली. मग मी उंबऱ्यापाशी गेले. खोलीत वारा नव्हता. टोपली एका कडेनं हळूच वर उचलली गेली, बोटभर, आणि तशीच राहिली. खाली कोणीतरी पाठ टेकून उठू पाहत असावं तशी. मामांचाच आवाज कानात आला, अगदी जवळून… हे पाह्य, हे काम.

“मावशे,” मी विचारलं, “पीठ कोणत्या डब्यातलं घेतलं?”

“वरच्या फळीवरच्या. तांदळाचं. काहून?” आणि मग, “बोटं काहून चुरचुरून राह्यली माही?”

दुकान कायमचं बंद करताना मामांनी शेवटच्या मालातली कळी कुटून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवली होती. हवेतली ओल लागली की चुना मरतो, म्हणायचे. यातली आग मले जिती ठेवाची आहे. स्वयंपाकघरात तो डबा ठेवू नका म्हणून मामी किती भांडली होती. मावशीनं त्यातलाच जाड थर पसरला होता, ओल्या सारवणावर.

आधी मावशीचे हात तेल लावून पुसले, मग धुतले. मग मामीनं स्वतः टोपली उचलली. चुना फुगून भेगाळला होता, त्यातून वाफ येत होती. मधोमध टाचेएवढा खळगा होता.

“जीव घरातच अडकला,” मावशी हळूच म्हणाली. “इथं राहाचं नाई, वहिनी.”

मी सगळं सांगितलं. डबा, ओल, भट्टी, पोटात धरलेली आग. दिवा ठेवला होता म्हणून खळगा, असंही म्हणाले. पण दिवा तर बाजूला होता, ते आम्हा तिघींनाही दिसत होतं, त्यामुळे मी तिथंच थांबले.

मामी वाफेवर तळवा धरून खाली बसली. बराच वेळ. “म्हणजे ही त्यायनं ठेवलेली ऊब होय,” ती म्हणाली. “मले वाटलं, काहीच ठेवून नाई गेले.” मग मावशीकडे न पाहता म्हणाली, “मी काही येत नाई.”

तो चुना तिनं टाकू दिला नाही. डब्यातला उरलेला त्यात घालून भिजवला आणि मी निघायच्या आधी आम्ही दोघींनी आतल्या खोलीची भिंत पांढरी केली.

याला आता काही आठवडे झाले. मामी त्याच खोलीत झोपते. रविवारी फोन करते आणि सांगते, भिंतीला हात लावला की कोमट लागते. त्या भिंतीला ऊन लागत नाही, पलीकडे चूल नाही. भिंतीवरचा चुना हवा पिऊन पुन्हा हळूहळू दगड होतो, तेव्हाही थोडी उष्णता सुटते, हे मामांनी सांगितलेलं आहे. पण ती इतकी थोडी की हाताला कळू नये, हेही त्यांनीच सांगितलेलं आहे. गरम वस्तू कधी ना कधी खोलीएवढीच होते, तिथून मागे फिरत नाही… हेही. म्हणून रविवार आला की फोन उचलायला मी उगाच उशीर करते. एक दिवस मामी म्हणेल, आज बाकीच्या भिंतींसारखीच लागली.

परवा कारखान्यातून बाहेर येऊन मी बोट तोंडात धरलं, गरम केलं आणि रविवार नसताना फोन लावला. विचारायचा धीर होत नव्हता. मामीनंच ओळखलं. भिंतीवर तळवा टेकल्याचा हलका आवाज आला.

“आहेत,” ती म्हणाली. “कामाचे नाहीत. पण आहेत.”