अळत्याची कविता

अनादिबाबू नवी कविता आधी अशा माणसाला ऐकवायचे, ज्याला बंगाली अजिबात येत नाही. इथे परदेशात, आल्मेरेत, तो माणूस म्हणजे मी. आमची आणि त्यांच्या मुलीची, मिठूची, मागच्या बागा एकमेकींना लागून. मधल्या लाकडी कुंपणावर त्यांची लोकरी टोपी दिसली की मी कपडे वाळत घालायचे थांबायचे.

“मला एक अक्षर कळत नाही,” मी पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत सांगितलं.

“म्हणूनच, दीदी. कळणारे माना डोलावतात. खोटं लिहिलं असेल तिथे माझा आवाज अडखळतो. तेवढं तुम्ही पकडा.”

मी पकडायचे. “इथे मीठ नाही,” म्हटलं की ते पुटपुटत घरात जायचे.

हे बंगालमधले मोठे कवी, हे मला मिठूने सांगितलं. तागाच्या गिरणीतल्या कामगाराचा मुलगा, जन्मभर शाळामास्तर. गिरणीचा भोंगा, पूर, उपाशी माणसं यांवर पुस्तकं लिहिली. पण लोकांना पाठ झाली ती एकच, अळत्याची कविता. त्यांच्याकडे सवाष्ण बाई गेली की पायांना लाल अळता लावून पाठवतात. बायको शेफाली काविळीने आजारी पडली तेव्हा बाबूंनी लिहिलं की तुझ्या पायांना अळता मीच लावीन. बायको बरी झाली आणि कविता घरोघरी गेली.

“ती मला म्हणते, मी अजून मेले नाही, आणि तू रडून मोकळा झालास!” हे सांगताना बाबू खूप हसायचे. “कविता वाचलेल्या मुली घरी येतात आणि आधी तिचे पाय बघतात.”

ते नातू बघायला इकडे आले होते. गुडघ्यांमुळे शेफालीबाई कोलकात्यातच राहिल्या. मग कोरोना आला, विमानं बंद झाली, आणि त्यातच तिकडे इस्पितळात त्या गेल्या. भाच्याने लांबून काढलेला फोटो पाठवला. बंद पिशवी, आणि अंगभर प्लास्टिक घातलेली चार माणसं. पाय कुठल्या बाजूला होते तेही कळत नव्हतं.

त्याच दुपारी बाबू कुंपणाशी आले. मला वाटलं, रडायला आलेत. ते म्हणाले, “ऐका,” आणि अख्खी कविता म्हणून दाखवली. ‘आलता’ शब्द आला तेव्हा मी ओळखलं कोणती ते.

मी भडकले. “अहो, बायको आज गेली आणि तुम्ही कविता म्हणता? माणूस आहात का कोण?”

“कुठे अडखळलो, ते सांगा.”

“कुठेच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत गोड म्हटलीत.”

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “ती प्लास्टिकात गेली, दीदी. अळता मी लावलाच नाही, आणि तरी माझा आवाज अडखळला नाही.”

रविवारी कोलकात्याच्या लोकांनी कॉम्प्युटरवर शोकसभा ठेवली. तेव्हा इथल्या नियमाने घरात एकच पाहुणा चालायचा. बाबूंनी मला बोलावलं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं डोळे पुसत होती. सगळ्यांना तीच कविता हवी होती. बाबू बंगालीत बोलले, मिठू मला हळूच सांगत होती. “तिच्या पायांना कुणी हात लावला नाही. ही कविता खोटी आहे. पुस्तकातून काढा, कुणी म्हणू नका.”

एक म्हातारा प्रकाशक हात जोडून म्हणाला, “दादा, ती आता तुमची राहिली नाही, लोकांची झाली.”

“बायको माझी होती,” बाबू म्हणाले आणि कॉम्प्युटरचं झाकण बंद केलं.

त्यानंतर ते कुंपणाशी आले नाहीत. विमानं सुरू होताच निघाले. दारात मला म्हणाले, “दीदी, आता काही मुद्दाम गोड करणार नाही.” तिकडे दुसऱ्या लाटेत तेही गेले.

मी मिठूकडे भेटायला गेले. दोघांचे फोटो मांडले होते आणि आईच्या फोटोखाली तीच कविता, मोठ्या अक्षरांत, चौकटीत घालून. मी हादरले. “बापाने काय सांगितलं होतं? काढ ते आधी.”

“आंटी, मी आईला हात लावू शकले नाही. बाबांनाही नाही.” ती रडत नव्हती. “आईच्या पायांना अळता लागला तो एवढ्या एकाच जागी. तो पण पुसून टाकू?”