आधीपासूनची सवय

आमच्या वहिनीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. मिशनच्या दवाखान्यात ती जखमांच्या पट्ट्या बदलते, आणि पट्टी सुटेपर्यंत पेशंटच्या सासूचीसुद्धा चौकशी करून मोकळी होते. दादा म्हणतो, "हिला ऑपरेशनच्या खोलीत बसवा, भुलीचं औषध वाचेल." दादा तिथली यंत्रं सांभाळतो. आमच्या चर्चच्या मंडळीनं परक्या देशात सेवेला पाठवलेल्या कुटुंबांपैकी हे एक. आणि एवढ्या बडबड्या बाईच्या पोटची मुलगी मुकी व्हायची वेळ आली होती.

मुलीला आम्ही बिट्टी म्हणतो. तिकडे तिला जिवाला जीव देणारी एकच मैत्रीण, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. एके दिवशी मास्तरांची बदली झाली. मुलं शाळेत असताना सामान बांधलं गेलं, आणि घरी येऊन पाहतात तो दारात गाडी उभी. मुलांना आधीपासून कशाला रडवायचं, असा तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांचा कारभार. बिट्टी रडली नाही. बोलायचीच बंद झाली. हो आणि नाही, बस. वहिनीनं देवाला साकडं घातलं, डॉक्टरांचं डोकं खाल्लं, दादाशी भांडली.

शेवटी तिनं तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाली, मिशनच्या मुलांसाठी तरुण संघ काढायचाय.

"मुलं मोठ्यांबरोबर उपासनेला बसतातच की, बाई."

"बसतात हो. पण तुमच्या उपदेशात जांभया देण्यापलीकडे काय करतात?"

असं तोंडावर बोलायला आमची वहिनीच पाहिजे! पाळकसाहेब भला माणूस, हसले आणि हो म्हणाले. दवाखान्याच्या धोबीखान्यात इस्त्रीची एक लांब खोली होती, ती रविवारी दुपारी रिकामी असायची. वहिनीनं पेशंटच्या बाकांजवळच्या खुर्च्या आत ओढल्या, गोल मांडल्या, बिस्किटं आणली. गाणी, प्रार्थना, आणि मग वाटेल त्या गप्पा. भांडलात तरी चालेल, म्हणाली, पण तोंड उघडा. आणि खरंच, काही महिन्यांत बिट्टी हसायला लागली. वहिनी फोनवर हुंदके देत होती. "हसली गं ताई, खदाखदा हसली!"

पण तिथली शाळा बिट्टीच्या इयत्तेपुढे नव्हती. पुढचं शिक्षण माझ्याकडे राहून करायचं असं ठरलं. शाळा माझ्या घराला लागून, आणि घरात मी एकटी. तिला न्यायला मी गेले. परीक्षा होईपर्यंत बिट्टीला काही सांगायचं नाही, असं दादा-वहिनीनं मला बजावलं. आत्या पाहुणी म्हणून आलीय, एवढंच. "तिचं तोंड पुन्हा मिटलं तर मी मरेन," वहिनी म्हणाली. "ती हसत गेली पाहिजे, ताई."

रविवारी मी तिच्याबरोबर संघाला गेले. खोलीत स्टार्चचा आंबूस वास, भिंतीला लागून गठ्ठे करून ठेवलेल्या पांढऱ्या चादरी. मुलं आली, आणि मी पाहिलं, खुर्च्या मुलांपेक्षा जास्त मांडल्यात. म्हटलं, येतील कुणी उशिरा. गाणं झालं, बिस्किटांची बशी फिरली. एका रिकाम्या खुर्चीपाशी बशी थांबली. कुणीतरी घेईल इतका वेळ थांबली आणि पुढे गेली. मग बोलायची पाळी फिरायला लागली, ती त्या खुर्चीपाशी आल्यावर सगळी गप्प. माना तिकडे वळलेल्या, डोळे एकाच उंचीवर. आणि एकदम सगळी एका वेळी हसली.

"अगं बाई, ही काय भुताटकी?" मी वहिनीच्या कानात म्हटलं.

"भुताटकी कसली! इथून गेलेल्यांची आठवण ठेवतात बिचारी. ती मास्तरांच्या मुलीची खुर्ची, ती दातांच्या डॉक्टरांच्या मुलाची." वहिनी कौतुकानं सांगत होती. "त्यांचं त्यांनीच काढलंय हे. मी नाही शिकवलं."

मला ते काही गोड वाटलं नाही. आठवण काढणारा माणूस वर बघतो, उसासा टाकतो. ही पोरं ऐकत होती.

पुढच्या रविवारी बिट्टीच्या शेजारी एक जादा खुर्ची होती. बशी फिरत आली, बिट्टीनं हात पुढे केला, आणि बशी तिच्या हातावरून पुढे सरकून त्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबली. पाळकसाहेबांची थोरली मुलगी त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "घे की बिट्टी, तुझ्या आवडीचं आहे." बिट्टी शेजारीच होती! तिनं हात मागे घेतला आणि शांत बसली. तिच्याकडे कुणी बघेना. गाण्यात तिचा आवाज होता, पण तो कुणाच्या कानावर जात नव्हता.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. संघ सुटल्यावर तिनं त्या थोरलीला दारातच अडवलं. "काय चालवलंय हे? माझ्या मुलीला वाळीत टाकता?"

थोरली चकित झाली. "नाही, मावशी. ती जाणार ना? दातांच्या डॉक्टरांकडे पण आधी आत्याच आली होती."

"कुणी सांगितलं तुला जाणार म्हणून?"

"तुम्ही लोक कुठे सांगता? आम्हाला आपलंच बघावं लागतं." ती नम्रपणे बोलत होती, वहिनीची समजूत काढत असल्यासारखी. "ती असतानाच सवय केली ना, की मग गाडी आली तरी काही वाटत नाही. खुर्चीत ती असतेच. बिट्टीला माहीत आहे, मावशी. सगळ्यांच्या आधी तिनंच ओळखलं. खुर्ची तिनंच आणून ठेवली."

वहिनी मटकन चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बिट्टी ताटं मांडत होती, आणि बडबडत होती. काय बोलत होती! शाळेतल्या बाईंची नक्कल, कुणाचं दप्तर चिखलात पडलं, भूगोलाच्या पेपराची भीती. वहिनीचा जीव भांड्यात पडला. "बघितलंस, ठीक आहे ती," मला म्हणाली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच विचारलं, "मग बाईंनी काय केलं गं?"

बिट्टीनं मान वळवली नाही. ती टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे बघत होती. तिथे ताट होतं, माणूस नव्हतं. "काय केलं सांगू, आई?" ती त्या खुर्चीला म्हणाली.

दादा आपल्या ताटाशी येऊन बसला होता, तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनी हळूहळू टेबलापाशी आली, आणि ती खुर्ची ओढून त्यात बसली.

बिट्टी दचकली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, अडचण होती. अनोळखी माणसाला सांगावं तशा सभ्यपणे ती म्हणाली, "तिथे नका बसू. तिथे आई आहे."

वहिनीनं तिला ओढून कवटाळलं. "नाही पाठवत! कुठे नाही पाठवत तुला! इथेच राहायचं माझ्याजवळ, गेली उडत ती शाळा!" ती रडत होती, दादा रडत होता, आणि मीसुद्धा. बिट्टी मिठीत नीट उभी राहिली. वहिनीच्या खांद्यावरून ती त्या खुर्चीकडे बघत होती.

मी एकटीच परतले. बिट्टीचं जाणं खरोखरच रद्द झालं. शिकवणारी एक बाई घरी येऊ लागली. पाळकसाहेबांनी सगळ्या मोठ्यांना बसवून खडसावलं, यापुढे मुलांना सगळं आधी सांगायचं. सांगतात म्हणे आता.

परवा वहिनीला फोन केला. मागून बिट्टीचं हसणं ऐकू येत होतं, अगदी खदाखदा. मला इतका आनंद झाला!

"कुणाशी गं एवढं बोलतेय?" मी विचारलं.

"माझ्याशी," वहिनी म्हणाली. "स्वयंपाकघरात."

"आणि तू कुठे आहेस?"

"मी बाहेरच्या खोलीत." मग आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "ठेवते, ताई. हसतेय तोवर ऐकून घेते."